एकट्याने चालवताना येणारा आवाज

बायको गेली त्याच वर्षी अकोल्याचे वकील त्र्यंबकराव यांच्या जुन्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्स गाडीतून खटखट ऐकू येऊ लागली. गावातले दोन मिस्त्री शेजारी बसून फिरून आले, पण त्यांना काहीच ऐकू आलं नाही. वकीलसाहेबांना भास होतात, अशी कुजबूज सुरू झाली.

म्हणून एकसष्ट सालच्या हिवाळ्यात ते अमरावतीला, राजापेठेतल्या इनायतुल्ला मिस्त्रींकडे आले. दोघं बडनेऱ्यापर्यंत जाऊन आले. गाडी गप्प.

त्र्यंबकराव ओशाळले. "एकटा असलो की वाजते हो."

मिस्त्री हसले नाहीत. "मंग एकटेच चालवा. मी रस्त्यावर उभा राहून आयकतो."

गाडी समोरून गेली तेव्हा त्यांना खटखट स्पष्ट ऐकू आली. त्यांनी गाडीखाली शिरून, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्याचा झिजलेला सांधा हलवून दाखवला.

"दोघं बसले की गाडी दबते, दांडा सरळ होते, मंग आवाज नाई. बाजूले आंधी कोन बसे?"

"बायको."

"मंग तवापासूनच झिजून राहिला असंल, साहेब. तुमाले समजलं नसंल."



दुपारपर्यंत नवा सांधा बसला. परतीच्या वाटेवर गाडी निमूट धावली. मूर्तिजापूरला, चहा नको असतानाही, ते टपरीवर थांबले.

"गाडीत आवाज येत होता," त्यांनी चहावाल्याला सांगितलं. "आता नाही येत."

"बरं झालं," म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.