सर्जेरावच्या डावीकडे

"आज मी इकडे बसतो," असं म्हणून मी जयसिंगला उठवलं आणि सर्जेरावच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसलो.

"मैनुद्दीन, तब्येत बरी आहे ना?" जयसिंगनं विचारलं. त्याचंही बरोबर होतं. इतक्या वर्षांत मी डावीकडची खुर्ची कधी सोडली नव्हती.

पोकरमध्ये कुठे बसायचं हे पत्त्यांइतकंच महत्त्वाचं असतं. पाळी डावीकडे सरकते. म्हणून उधळ्या माणूस आपल्या उजवीकडे हवा. त्याचं बघून आपण ठरवायचं. भित्रा डावीकडे चालतो. सर्जेराव म्हणजे उधळ्यांचा बाप. हातात काडीचं काही नसताना शर्टाच्या बटणांचा ढीग पुढे ढकलणार. आम्ही बटणांवर खेळतो, बायकांची कृपा. तेव्हा मी कायम त्याच्या डावीकडे, आणि माझ्या डावीकडे बद्रीनाथ, जो एक्के आले तरी घामाघूम होतो. टपाल खात्यात जन्मभर कारकुनी केली, तिथे साहेबानं सांगितलं तिथे बसलो. ही एक जागा काय ती मी माझ्या अकलेनं निवडलेली.

पण दिवाळीपासून सर्जेराव विसरायला लागला. आधी चष्मा, मग विश्रांतवाडीतलं स्वतःचंच घर. मुलगा परदेशात. सून नम्रता नोकरी सांभाळून एकटी किती धावणार? तिनं आळंदी रस्त्याला एक वृद्धाश्रम बघून ठेवला. मला राहवलं नाही. म्हटलं, पत्त्यांत त्याचं डोकं अजून शाबूत आहे, रविवारी येऊन स्वतः बघ. ती खरंच आली आणि माझ्यामागे स्टूल घेऊन बसली. 'राहू देत घरीच' म्हणायला तिलाही काहीतरी कारण हवं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

म्हणून मी जागा बदलली. आता माझी पाळी आधी, त्याची नंतर. मी करीन तसं त्यानं केलं की निभावलं, असा माझा हिशेब.

पत्ते वाटले. मी दोन बटणं टाकून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पत्ते उचललेच नाहीत. तो डावीकडे बसलेल्या जयसिंगकडे बघत होता, मग दाराकडे. तुझी पाळी आहे, असं मी हळूच सांगितलं.

"जरा थांबा की," तो माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाला. "आमचा मैनू यायचाय अजून."

गडी ओळखण्यात स्वतःला शहाणा समजणारा मी, आणि एवढं मला सुचू नये? माझा चेहरा त्याच्या डोक्यातून कधीच गेला होता. जागा तेवढी उरली होती, ती मी आज हलवली.

मी उठलो. जयसिंगही उठला. मी डावीकडे जाऊन बसलो आणि बद्रीनाथनं पत्ते पुन्हा वाटले.

"किती उशीर रे, मैनू," सर्जेराव म्हणाला आणि पत्ते न बघताच सगळी बटणं पुढे ढकलली.

नम्रता उठून माझ्यामागे आली आणि कानाशी वाकली. "काका, उद्या सकाळी आश्रमात नेते त्यांना. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

माझ्या हातात तीन राजे होते. सर्जेराव मिशीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होता. मला पुरता ओळखून बघत होता. मी पत्ते पालथे टाकले.

"घाबरलास ना?" तो खुशीत हसला.

"हो रे," मी म्हणालो. "घाबरलो."