छत्तीस मीटर

हिंटरमोसच्या बस थांब्यावर गावाच्या नावाची पाटी आहे आणि नावाखाली उंची लिहिली आहे: ९६४ मीटर. गावात कुणाला त्या आकड्याचं सुखदुःख नाही. एकट्या बुर्गलला आहे, आणि त्याला कारण आलर्स मास्तर.

आमच्याकडे डोंगरात रिवाज असा, की हजार मीटरच्या वर गेलं की कुणी कुणाला ‘तुम्ही’ म्हणायचं नाही. बँकेतला साहेब असो नाहीतर गुराखी, वर सगळे एकमेकांना ‘तू’. खाली उतरलं की ज्याचा मान त्याला परत. बहुतेक लोक हे हसण्यावारी नेतात. पण आलर्स मास्तर पडले भूगोलाचे, तेही उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गचे. समुद्रापासून जेमतेम चार मीटर उंच, ताटासारखं सपाट गाव त्यांचं. अशा माणसाला उंचीची थट्टा खपत नाही.

बुर्गलच्या घरामागून कुरणाकडे वाट चढते. तिच्या एका वळणावर मोठा दगड आहे आणि गिर्यारोहण मंडळाने त्यावर लाल रंगात १००० असा आकडा घातला आहे. सदतीस वर्षांपूर्वी मास्तर बायकोला, हेडाला, घेऊन पहिल्यांदा बुर्गलच्या घरी, खोली भाड्याने घेऊन, पाहुणे म्हणून उतरले. दुसऱ्याच दिवशी बुर्गलचा नवरा आलोइस त्या दोघांना वर घेऊन गेला. दगड ओलांडताच मास्तरांचे नुसते ‘गेरविन’ झाले आणि तिघांचं ‘अरे-अगं’ सुरू झालं. शिखरावर एकाच बाटलीतून प्यायले, गळ्यात गळे घालून गायले. संध्याकाळी उतरताना मास्तर दगडाशी थांबले, टोपी सरळ केली आणि एक पाऊल खाली टाकून म्हणाले, “आलोइसराव, आज तुमच्यामुळे दिवस फार सुंदर गेला बरं का.” आलोइस हसून हसून वाटेतच खाली बसला. ही गोष्ट त्याने मरेपर्यंत सांगितली.

बुर्गल त्या दिवशी घरी होती. पुढेही दर वेळी ती घरीच होती. सहा खोल्यांच्या चादरी, सकाळची अंडी, पाव, जर्दाळूचा मुरंबा, खिडक्यांतल्या फुलांना पाणी. लहानपणी गुरांमागे ती त्या दगडावरून शेकडो वेळा गेली असेल, ते वेगळं. आता तिघं वर जायचे, ‘तू’ होऊन यायचे, आणि खाली त्यांची ताटं मांडणारी बुर्गल तेवढी पूर्ण नावाने ‘नोटबुर्गाबाई, तुम्ही’. सासूने नियम घालून दिला होता: पाहुणा तो पाहुणा, सलगी करायची नाही. पाहुणे कौतुकाने विचारायचे, “तुम्ही थकत नाही का हो?” बुर्गल म्हणायची, “छे छे! थकायला काय झालं?” हे इतक्यांदा म्हणून झालं होतं की दारावरच्या घंटीसारखं ते आपोआप वाजायचं.

घरापासून दगड छत्तीस मीटर उंच. वळणावळणाने गेलं तर वीस मिनिटं. तिचा आणि त्या दगडाचा छत्तीसचा आकडाच म्हणायचा.

नऊ वर्षांपूर्वी आलोइस गेला. तीन वर्षांनी हेडा गेली. पाहुण्यांना आता गरम वाफेची खोली लागते, तळघरात पोहायचा तलाव लागतो, त्यामुळे ते पलीकडच्या नव्या हॉटेलात उतरतात. बुर्गलच्या पाच खोल्यांच्या खिडक्या बंदच असतात. सहावी मास्तरांची, जुलैचे पंधरा दिवस. ते एकटेच येतात, आणि येण्याआधी सुट्टीचा बेत आखतात. बेत आखायचा दिवस ठरलेला: मार्चचा पहिला रविवार, दुपारी तीन.

त्या रविवारी बुर्गल इस्त्रीचा एप्रन बांधते. फोनवर एप्रन दिसत नाही हे तिला ठाऊक आहे.

“नोटबुर्गाबाई, नकाशा पसरलाय. बर्फ कुठवर आहे?”

“कुरणाच्या कुंपणापर्यंत, मास्तर. कालपासून खांबांची डोकी दिसायला लागलीत.”

“छान. बसू या मग कामाला. सहा जुलै, सोमवार. सोमवारी वाट अंगवळणी पाडायची. मंगळवारी तळं. पाणी सतरा अंशांच्या वर असेल तर पोहणार, नाहीतर नुसती प्रदक्षिणा.”

“मागच्या वर्षी सोळा होतं आणि तरी तुम्ही उडी मारलीत.”

“कोण म्हणतं?”

“अख्खं गाव म्हणतं. तुमची किंकाळी चर्चपर्यंत आली होती.”

मास्तर हसले. पेन्सिलीचा आवाज आला. बुर्गलही लिहीत होती, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर.

“बुधवारी सायकल.”

“बॅटरीवाली घ्या हो या वर्षी.”

“बॅटरीवाली सायकल म्हणजे शुद्ध लबाडी.”

“अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी थोडी लबाडी चालते.”

“बरं. बुधवारी लबाडी,” मास्तर म्हणाले आणि तसंच लिहिलं असावं. “गुरुवारी विश्रांती.”

ही विश्रांती पूर्वीच्या बेतात नसायची. दहा वर्षांपूर्वीचं पान बुर्गलकडे अजून होतं. त्यात तीन शिखरं होती, दोन रात्री वरच्या धर्मशाळेत मुक्काम होता, बर्फावर चालायचे काटे होते. यंदाच्या बेतात सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे कुरणावरचं खोपटं, ताक प्यायला. दोघांनाही ते दिसत होतं.

सगळ्यात शेवटी मास्तर दर वर्षी एक प्रश्न विचारायचे, हेडा होती तेव्हाही विचारायचे. “आणि यंदा तुम्ही येणार का आमच्याबरोबर दगडापर्यंत?” बुर्गलचं उत्तरही ठरलेलं असायचं, “बघू हो मास्तर, चादरी बदलायच्या असतात.”

आता बदलायला एकच चादर होती. शिवाय एक गोष्ट तिने मास्तरांना सांगितली नव्हती. लिंझला राहणारी तिची मुलगी म्हणत होती, की आई, पुरे झालं, घर विकू आणि तू माझ्याकडे ये. बुर्गलने हो म्हटलं होतं. ऑक्टोबरात ती लिंझला जाणार होती, म्हणजे नदीकाठी, २६६ मीटरवर. पुढच्या जुलैला हे घर दुसऱ्याचं असणार होतं.

“येते,” ती म्हणाली.

पलीकडे पेन्सिल घरंगळल्याचा आवाज आला.

“सोमवार,” मास्तर हळूच म्हणाले. “दहा वाजता. नोटबुर्गाबाईंसह. लिहिलं हं मी. आता खोडायचं नाही.”

फोन ठेवल्यावर बुर्गलने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. गेल्याच्या गेल्या वर्षी तो बदलून घेतला होता. डॉक्टर म्हणाले होते, सपाटीवर हिंडा-फिरा. हिंटरमोसमध्ये सपाटी शोधायला त्यांनी स्वतः यायला हवं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. हिच्या गुडघ्याला बाशिंगाऐवजी पट्टा होता, एवढाच काय तो फरक.

बर्फ ओसरल्यावर तिने सराव सुरू केला. आलोइसची काठी घेतली आणि रोज सकाळी घरामागे चढू लागली. पहिला आठवडा गेला लाकडी हौदापर्यंत पोचण्यात, आठ मीटर. एप्रिल संपता संपता वाटेवरचा क्रूस आला, सतरा मीटर. तिथे बाकावर बसून ती घाम पुसायची आणि गुडघ्याला शिव्या द्यायची. शेजारची त्सेन्झी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता हे सगळं बघत असे. त्सेन्झीच्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही.

“काय गं बुर्गल, या वयात पायाला भिंगरी लागली की काय?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टरांनी की मास्तरांनी?”

“तुझ्या कोंबड्या बघ तू.”

“कोंबड्या अंडी घालतात वेळेवर. तुझं काय चाललंय ते सांग.”

बुर्गल काही सांगत नसे, पण खाली उतरताना चेहरा सरळ ठेवायला तिला कष्ट पडायचे. जूनच्या सुरुवातीला ती गुरांच्या फाटकापर्यंत पोचली. फाटक ९९४ मीटरवर. तिथून दगडाचा लाल आकडा स्पष्ट दिसतो. ती फाटकाला हात लावायची आणि परत फिरायची. पुढे जायची ताकद नव्हती असं नाही. उरलेले सहा मीटर तिने राखून ठेवले होते.

बावीस जूनला, साध्या सोमवारी, फोन वाजला. मास्तर सोमवारी कधी फोन करत नसत.

“नोटबुर्गाबाई, मी पडलो.”

“अगंबाई! कुठे? कुठल्या डोंगरात गेला होतात?”

“स्वयंपाकघरात. सपाट फरशीवर. ओल्डेनबुर्गात पडायला डोंगर कुठून आणू?” ते हसले, पण हसणं मध्येच थांबलं. “मांडीचं हाड मोडलंय. मला आता वृद्धाश्रमात आणलंय, तिसऱ्या मजल्यावर. घरी परत नाही जायचं म्हणतात. प्रवास तर नाहीच नाही. माझी खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“खोलीचं सोडा हो.”

“ऐन वेळी तुम्हाला त्रास दिला.”

“छे छे! त्रास कसला?”

फोन ठेवला आणि तिला मास्तरांचा राग आला, अगदी खराखुरा राग. सदतीस वर्षं कडे-कपारी चढला हा माणूस, ओरखडा नाही उमटला, आणि पडला कुठे तर फरशीवर! मग तिला रडू आलं. खोली द्यायला दुसरं कुणी नव्हतं. फाटकाबद्दल तिने मास्तरांना सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला उशीर झाला होता. दुसऱ्या दिवसापासून ती चढायला गेली नाही. त्सेन्झीनेही काही विचारलं नाही, उलट सहा अंडी आणून दारात ठेवली.

सहा जुलै उजाडला. आकाश लख्ख होतं. बुर्गलने भिंतीवर टाचलेलं बेताचं पान वाचलं: सोमवार, दहा वाजता. तिने दोन अंडी उकडली, पावाला लोणी लावून मध्ये सुकवलेलं मांस घातलं. एक पाव केला, मग दुसराही केला. नऊ वाजता काठी घेऊन ती बाहेर पडली.

“अगं, मास्तर येत नाहीत ना?” त्सेन्झीने कुंपणावरून विचारलं.

“नाहीत.”

“मग?”

“बेत ठरलाय,” बुर्गल म्हणाली. त्सेन्झी गप्प बसली, आणि त्सेन्झी गप्प बसणं ही गावाच्या इतिहासात नोंदवावी अशी गोष्ट होती.

दोन आठवडे न चालल्यामुळे गुडघा आडमुठा झाला होता. हौदाशी ती थांबली, क्रूसाशी बसली. फाटकाशी पोचली तेव्हा दहाला दहा कमी होते. तिने आकडी काढली, पलीकडे गेली, आकडी नीट लावली. उरलेले सहा मीटर फार चढाचे होते, का कोण जाणे. तिने दगडाला वळसा घातला, वरच्या बाजूला आली आणि धापा टाकत खिशातून फोन काढला.

आश्रमात बराच वेळ फोन वाजला.

“मास्तर, सोमवार आहे. दहा वाजले.”

“नोटबुर्गाबाई! कुठे आहात तुम्ही? घंटा कसल्या ऐकू येतायत?”

“गाईंच्या. मी दगडापाशी आहे.”

मास्तरांनी विचारलं, “कुठल्या बाजूला?”

“वरच्या.”

“मग तुम्ही मला ‘तू’ म्हणू शकता,” मास्तर म्हणाले. “मला मात्र म्हणता येणार नाही. मी चार मीटरवर आहे. तिसरा मजला धरला तर फार तर चौदा.”

बुर्गलला हसू आलं, पण टिकलं नाही. एवढी चढून आले, आणि इथेही मी ‘तुम्ही’च, असं तिला वाटलं. वर कुरण रिकामं होतं, खाली घर रिकामं होतं.

“थांब,” ती म्हणाली. “थांब जरा, गेरविन.”

तिने मुलीने दाखवलं होतं तसं मोठ्या आवाजाचं बटण दाबलं. मग फोन दगडावर ठेवला, लाल आकड्याच्या बरोब्बर वर, आणि तो घसरू नये म्हणून शेजारी अंड्यांचा डबा टेकवला.

“आता तुझा आवाज हजारावर आहे,” ती म्हणाली. “बोल.”

दगडावरून श्वास ऐकू आला, आणि त्याच्यामागे कुठेतरी भांड्यांची गाडी ढकलल्याचा आवाज. खाली तिचं घर दिसत होतं, पाच खिडक्या बंद, एक उघडी. सहावी तिने सकाळी सवयीने उघडली होती.

“बुर्गल,” मास्तरांचा आवाज आला. “थकलीस का गं?”

‘छे छे’ अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. काठी बाजूला ठेवून ती दगडाला टेकून खाली बसली.

“हो रे,” ती म्हणाली. “फार थकले.”