मेंदूचं पातळ पुस्तक

मित्रांनो, मी मेंदूविषयीचं एक जुनं, पातळ पुस्तक आहे. गप्प बसणं माझ्या नशिबी आलं, स्वभावात मात्र नाही. १९९८ साली छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हापासून मला एकच घाई, कुणीतरी मला वाचावं! माणूस बघतो कसा, लक्षात ठेवतो कसा, बोलतो कसा, हे मी अगदी पहिल्यापासून, चित्रं काढून सांगतो. ती चित्रंच नडली. रत्नागिरीच्या एका वाचनालयात मला बालविभागात, परीकथांच्या शेजारी कोंबलं. मुलं मेंदूचं चित्र बघून "ई, अक्रोड!" म्हणत आणि मला ठेवून देत. तीन वर्षं मी नुसता चुळबुळत होतो.

मग एका सोमवारी महरीन आली. बारावीतली मुलगी, मिरकरवाड्यातल्या अस्लम तांडेलांची. तांडेल म्हणजे मासेमारीच्या लाँचचा प्रमुख, तिथे त्यांचा शब्द शेवटचा असे. पण तीन महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि तोंडात एकच शब्द उरला, "हो." जेवलात? हो. भूक लागली? हो. तुमचं नाव आनंदा? तरी हो! लोक म्हणाले, तांडेलांचं डोकं गेलं. त्यांची बायको सुरय्या एकटीनं सगळं करून थकली होती. तिनं विचारलं, "केळशीला तुमच्या भावाकडे राहाल?" त्यावरही "हो" आलं. शुक्रवारी पोचवायचं ठरलं. महरीनला मात्र राहून राहून वाटे, अब्बांना सगळं कळतंय. पण खात्री कशी करायची?

तिनं वरच्या फळीवरचा, मेंदूवरचाच जाडजूड इंग्रजी ग्रंथ उचलून घरी नेला. मी खालून तळमळत बघत राहिलो. बुधवारी ती डोळे सुजवून परत आली.

"शब्दकोश घेऊन बसले काका, तरी चारच पानं झाली."

"मग तोच कशाला नेलास गो?" ग्रंथपाल आत्मारामकाकांनी विचारलं.

"जाड आहे, म्हणजे त्यात सगळं असेल ना?"

"असेल. तुला त्यातलं काय मिळालं?"

ती रडवेली झाली. काकांनी बालविभागातून मला ओढून काढलं. तिनं माझं मुखपृष्ठ पाहिलं आणि मला टेबलावर ठेवलं. "हे तर लहान पोरांचं. मैत्रिणी हसतील मला."

अहो, माझं काय झालं असेल! पान न् पान ओरडत होतं, पण ऐकतंय कोण?

"हसू देत. कुठलंही एक पान वाच, मिटून मला सांग," काका म्हणाले. "सांगता आलं, तर ते तुझं पुस्तक."

तिनं पानं चाळली, बोलण्याविषयीचं पान सापडलं, ते वाचून मला मिटलं. "बोलण्याचं काम मेंदूत एकीकडे जास्त चालतं, समजण्याचं दुसरीकडे. एक बिघडलं तरी दुसरं बरंचसं शाबूत राहू शकतं. तोंडून भलताच शब्द येतो. म्हणून बोटानं दाखवायला सांगायचं..." ती थांबली. "काका, मी जाते!" मला काखेत मारून ती निघाली, माझी नोंद करायलाही थांबली नाही.

घरी केळशीची पिशवी भरून तयार होती. महरीननं ती खाटेच्या एका बाजूला ठेवली, अब्बांची उशी दुसऱ्या बाजूला.

"अब्बा, बोलू नका. केळशीला जायचं तर पिशवी, घरी राहायचं तर उशी. हात लावून दाखवा."

"हो, हो," तांडेल म्हणाले. आणि त्यांचा डावा हात उशीवर गेला.

तिनं जागा बदलल्या. पुन्हा उशी. तिसऱ्यांदा त्यांनी उशी छातीशी धरली आणि ते हमसून रडले. तोंडानं "हो, हो" चालूच.

सुरय्यानं पिशवी पुढ्यात ओढली. "या अल्ला! तीन महिने यांच्यासमोर काय काय बोललो आम्ही! यांनी सगळं ऐकलं?" तिनं पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढले.

मित्रांनो, आता माझी शिवण उसवली आहे, कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत. मला जपा, हे तर सांगेनच. पण त्याहून एक सांगतो. नवीन काही शिकायचं असेल, तर आपल्याला कळेल ते पुस्तक खुशाल उचला, लाजू नका. तो जाड ग्रंथ खोटा नव्हता. महरीनला तो वर्षभरात कळलाही असता. पण अस्लम तांडेलांच्या हातात शुक्रवारपर्यंतचेच दिवस होते.