बंद तोंडाचा टेक

...पेपरमिंटची गोळी दातांवर आपटली की टक् असं वाजत होती. इतकं बारीक, की एरवी ते त्याच्या स्वतःच्याही कानावर आलं नसतं. पण हेडफोनमधून ते खिळा ठोकावा तसं डोक्यात शिरलं आणि काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकानं मान वर केली. पियानोपुढं बसलेल्या त्यानं गोळी जिभेनं गालात सारली. तिथं ती गप्प बसली. गुणगुणू नये म्हणून दिलेली गोळीच वाजायला लागली होती. बासवाले काका आपल्या उंच वाद्याच्या आडून हसले असणार, हे त्याला न बघताच कळलं.

सकाळी पहिला टेक, म्हणजे तुकड्याचं पहिलं सलग ध्वनिमुद्रण, झाला तेव्हा सगळे खुशीत होते. ड्रमवाला इतका कमी बोलायचा की त्याचं नावच मौनी पडलं होतं. त्यानंही काठ्या मांडीवर ठेवून चक्क ‘हं’ म्हटलं होतं. मग काचेपलीकडे जाऊन सगळे ऐकायला बसले, आणि पियानोच्या सुरांखालून कोणीतरी कण्हत असल्यासारखं ऐकू येऊ लागलं. आधी त्याला वाटलं यंत्रात काही बिघाड असेल, किंवा कुठला पंखा... मग तो आवाज एका सुराकडे चढायला लागला – घशातला, चिरका, किंचित बेसूर – आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा मी. हा माझा गळा. कडी न लावलेल्या न्हाणीघराचं दार कोणीतरी उघडावं तसं त्याला झालं, आणि बाकीचे तिघं सभ्यपणे जमिनीकडे बघत राहिले.

ध्वनिमुद्रक भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ असल्यामुळे गळा आणि पियानो आता एकमेकांत मुरले आहेत. एक सोलायला गेलं तर दुसऱ्याची कातडी निघेल. मग खणातून गोळी काढून दिली आणि म्हणाला, एकदा तोंड मिटून वाजव, नंतर दोन्हींतला एक टेक निवड. निवड आजच करायला हवी होती, कारण काका दुपारी दौऱ्यावर निघणार होते, आणि तबकडीवर हाच तुकडा पहिला यायचा होता. ही तबकडी त्याच्या नावाची पहिली. सगळ्या रचना त्याच्या. आजवर तो दुसऱ्यांच्या तबकड्यांवर वाजवत आला होता, बहुतेक त्याला पियानो शिकवलेल्या सरांच्याच, आणि ऐकणारे म्हणायचे, अगदी सरांसारखा हात आहे. पहिल्यांदा हे ऐकून तो रात्रभर सुखानं जागा राहिला होता. अलीकडे मात्र ते कौतुक कॉलरमागच्या चिठ्ठीसारखं टोचायचं, आणि टोचतं म्हणून पुन्हा स्वतःचीच लाज वाटायची... कृतघ्न आहोत का आपण?

मिटल्या तोंडाचा टेक निर्मळ झाला. बोटांना सगळे रस्ते पाठ होते. जॅझमध्ये आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं असतं असं लोक समजतात – आणि तसं असतंही – पण सुचतं ते कुठून येतं, हे त्याला कधी नीट उमगलं नव्हतं. शेवटी एकट्या पियानोची जागा संपत आली तेव्हा सूर वळून खाली उतरले आणि घरच्या सुरावर येऊन बसले, दाखवलेल्या खुर्चीत पाहुण्यानं बसावं तसे. सर नेहमी असाच शेवट करायचे. चूक कुठंही नव्हती.

मग हे गुणगुणणं आलं कुठून? खरं तर त्याला ते ठाऊक होतं. तो शाळेत असताना ताई रुग्णालयात रात्रपाळी करायची आणि सकाळी येऊन दिवसभर झोपायची, आणि पियानो होता तो तिच्या खोलीला लागून, पातळ भिंतीच्या अलीकडे. वाजव बाबा, आई म्हणायची, पण ताई उठली तर माझ्याशी गाठ आहे. मग त्यानंच एक युक्ती शोधली होती. पट्टी अगदी सावकाश दाबली तर आतली हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. पट्टी खाली जाते, सूर मात्र उमटत नाही. तो सूर मग तो गळ्यातल्या गळ्यात काढायचा. सुट्टीतल्या दुपारच्या दुपारी असा मुका पियानो वाजवण्यात गेल्या होत्या. पुढं सरांकडे पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, “तोंडानंच वाजवायचं असेल तर बासरी घे.” सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून तो गप्प झाला होता... निदान त्याची तशी समजूत होती.

ताई आली ती सरळ कामावरून, पायांत वॉर्डातले पांढरे बूट तसेच. भावाची तबकडी निघतेय आणि आपण एकदाही बघायला गेलो नाही, असं तिला वाटलं म्हणे. ध्वनिमुद्रकानं तिला सोफ्यावर बसवून नवा टेक लावला. ती ताठ बसली, पिशवी मांडीवर धरून, आणि संपल्यावर म्हणाली, छान आहे रे. मग जुना लावला. तो काचेत बघत उभा होता. काचेत त्याला सोफा दिसत होता. शेवटचा सूर विरायच्या आत ताईची मान कलली होती आणि तोंड थोडंसं उघडं पडलं होतं.

“नव्याला जाग आणि जुन्याला झोप,” काका हळूच म्हणाले. “परीक्षक बोलले. घे निकाल.”

मौनीसुद्धा हसला. त्यालाही हसावं लागलं, पण आत कुठंतरी खट्टकन लागलं. सगळे खायला बाहेर गेले. तो तिच्याजवळ बसून राहिला. झोपेत ताई फार दमलेली दिसायची, आणि आपण तिला नेहमी झोपेतच बघितलं आहे, किंवा झोपेच्या अलीकडे-पलीकडे, असं त्याच्या मनात आलं. मग निकाल लागलाच तर. मिटल्या तोंडाचा टेक घ्यायचा, काकांना निरोप द्यायचा. कोणी चूक काढणार नाही...

ती एकदम दचकून जागी झाली, हाक आल्यासारखी.

“झोपलीस तू,” तो म्हणाला. “मी कण्हत होतो त्याला.”

“कण्हत होतास? कण्हणं मला विचार. रात्रभर तेच ऐकते मी.” तिनं डोळे चोळले. “हे घरचं आहे. मला तुझा पियानो कधी ऐकूच आला नाही अरे. भिंतीतून नुसता तू ऐकू यायचास. पाळीवरून आले की कान भरलेले असायचे. तुझं हे सुरू झालं की वाटायचं, आता मला कोणी बोलवणार नाही.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू मुद्दाम केलं असतंस.”

इतकी वर्षं तो तिला उठवू नये म्हणून जपत होता, आणि ती... ताई बूट काढून पाय चोळत होती. मग म्हणाली, मला यातलं काही कळत नाही, हसायचं नाही हं. पण शेवटी तू वर जायचास. तेव्हा, घरी. आता दोन्ही वेळा खाली आलास.

ही रचना गेल्या वर्षीची आहे, असं तो सांगणार होता. तेव्हा ती नव्हतीच, तू कुठल्या दुपारचं कुठं जोडतेस... पण त्यानं सांगितलं नाही. कदाचित ती अर्धवट झोपेत बोलत असेल. कदाचित भावाच्या मायेनं काहीतरी आठवल्यासारखं वाटलं असेल. अशा गोष्टींना पुरावा कुठं असतो? ती पुन्हा आडवी झाल्यावर त्यानं जुन्या टेकची तेवढीच जागा लावली आणि या वेळी पियानो ऐकलाच नाही. गळा वर चालला होता. एक पायरी, आणखी एक, अंधारात हात चाचपत जावं तसा. आणि मग बोटं खाली वळली तसा तोही थांबला, आणि निमूटपणे त्यांच्या मागं खाली आला. त्यानं ते पुन्हा लावलं. लाज वाटेल म्हणून तो वाट बघत होता, आणि लाज आली नाही. त्या गळ्याची कीवच आली, हात धरून मागं ओढलेल्या पोराची यावी तशी – आणि मग, थोड्या वेळानं, त्याच्याबद्दल कुतूहल वाटायला लागलं. हा कुठं निघाला होता?

काकांनी परत येऊन बासवर खोळ अर्धी चढवली होती. आणखी एकदा वाजवू या का, असं त्यानं विचारलं. काकांनी घड्याळाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि खोळ उतरवली.

“एकदाच. गाडी माझी नातेवाईक नाही थांबायला. शेवट तोच ना?”

“माहीत नाही.”

“म्हणजे मी कुठं उतरू?”

“मलाही माहीत नाही, काका. माझ्या मागं राहा.”

खुंट्या पिळून काकांनी सूर पुन्हा लावले, जरा जास्तच वेळ घेऊन. मौनीनं काठ्या खाली ठेवून तारांचे मऊ ब्रश उचलले. काचेपलीकडून ध्वनिमुद्रकानं स्वतःच्या ओठांवर बोट टेकवून ‘तोंड मिटून?’ अशी मान हलवली. त्यानं खांदे उडवले. दिवा लाल झाला.

सुरुवात नेहमीसारखी झाली. मधला भागही. आपण गुणगुणतो आहोत की नाही हे त्याला कळत नव्हतं, आणि ते तपासायला त्याच्या मनात एक माणूस नेहमी उभा असायचा तो आज जागेवर नव्हता. मग बास आणि ड्रम मागं सरले आणि तो एकटा उरला. शेवट अजून लांब होता. एरवी तो त्याला लांबूनच दिसायचा, आपल्या गल्लीच्या टोकाला आपलं घर दिसावं तसा, आणि बोटं आपोआप तिकडं चालू लागायची. आज त्यानं पाहिलं तर तिथं काहीच नव्हतं. तो घाबरला. पण वाजवत राहिला, आणि घाबरलेला असूनही घाई करावी असं त्याला वाटलं नाही...