खुर्चीवरचा रगडा

आधीच सांगतो. मी क्रांती, गाव चंदगड तालुक्यातलं. आमच्यात पोरीबी ‘आलो, गेलो’च म्हणत्यात, तेव्हा कुणी भाषा सुधारायला येऊ नका.

कसबा बावड्याजवळच्या एका भरती अकॅडमीत मी सैन्यभरतीची तयारी करत होतो. सोळाशे मीटर साडेसात मिनिटांत काढायचं, आणि माझं घोडं सात पन्नासवर अडलेलं. भरतीला अठरा दिवस राहिलेले. दोन महिन्यांनी मला एकवीस पुरी होणार होती, म्हणजे ह्या खेपेला हुकलं की वर्दीचा विषय कायमचा मिटला.

शिकवायला रुद्राप्पा उस्ताद. रिटायर हवालदार, सीमेकडचे. त्यांच्या आवाजापेक्षा साखर कारखान्याचा भोंगा परवडला.

त्या दिवशी घोटाळा केला माझ्या आत्यानं. धोंडुबाई आत्या बावड्यातच राहती, दारात चार म्हशी. तिचे मालक, म्हणजे आमचे मामा, जुने पैलवान होते, त्यामुळं ताकद म्हणजे दूध, एवढंच तिला ठाऊक. पहाटेच किटली घेऊन गेटवर हजर. पळायच्या आधी पाण्याशिवाय काही चालत न्हाय, असं मी तिला समजावून सांगितलं. तर म्हणती, पैलवानाच्या घरची पोर आणि धारेच्या दुधाला न्हाय म्हणतीस? तिचं तोंड एवढंसं झालं. मला बघवंना. अर्धा लिटर दूध उभ्या उभ्या प्यालो. गाढवपणा, दुसरं काय! तिसऱ्या राउंडला सगळं बाहेर आलं, तेबी उस्तादांच्या बुटांपुढं.

उस्तादांचा कायदा असा, की चूक एकीची, रगडा, म्हणजे फौजी शिक्षा, सगळ्यांना. खडीवर कोलांट्या, शंभर. आणि जिनं चूक केली तिनं सावलीत खुर्चीवर बसून बघायचं. रगडा कुणीबी सोसतंय. खुर्ची सोसत न्हाय.

बसलो. पोरी कोलांट्या घ्यायला लागल्या. माझ्या खोलीतली शिवगंगा अगदी पुढ्यात होती. तिचा गुडघा आठवडाभर सुजलेला, कोपरं सोलवटलेली, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस झाल्या, तीस झाल्या. मग मी उठलो, तिच्या शेजारी गेलो आणि पहिली कोलांटी घेतली.

“खुर्चीवर बस,” उस्ताद म्हणाले.

“न्हाय उस्ताद.”

“हुकूम हाय.”

“चूक माझी हाय. मला दोनशे द्या. पण बसणार न्हाय.”

उस्ताद ओरडले असते तर सोपं होतं. ते हळू आवाजात बोलले.

“हुकूम मोडणारं माणूस फौजेत स्वतः मरतंय आणि शेजारच्यालाबी मारतंय. ट्रंक उचल. ह्या मैदानावर परत पाय ठेवायचा न्हाय.”

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर दुखणं. शिवगंगा डोळ्यांनी खुणावत होती, माफी माग म्हणून. दुधाबद्दल मी दहा वेळा मागितली असती. खुर्चीवरनं उठल्याबद्दल? आजिबात न्हाय. शंभर कोलांट्या पुऱ्या केल्या आणि मगच ट्रंक उचलली.

आत्याच्या घरी पोटभर रडलो. ती शेणाच्या हातानंच उस्तादांशी भांडायला निघालेली, तिला धरून बसवलं. तू फक्त दूध देऊ नको, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानाच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मैदान त्यांचं, रस्ता सरकारी. आत शिट्टी वाजली की बाहेर मी पळायचो. उस्तादांनी मान वळवून बघितलं न्हाय. मीबी रामराम घातला न्हाय. असं चार दिवस. पण पुढं पळणारं कुणी नसलं की पाय आळशी होत्यात. सात पन्नासचे आठ झाले, आठचे आठ दहा. चौथ्या दिवशी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसलो आणि पहिल्यांदा वाटलं, संपलं आपलं. उस्तादांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

पाचव्या दिवशी पहाटे गेट उघडलं आणि उस्ताद सगळी बॅच रस्त्यावर घेऊन आले. असं कधी झालं नव्हतं. मी पलीकडच्या कडेला, उसाला लागून उभा. माझ्याकडं न बघता त्यांनी पोरी एका रांगेत लावल्या आणि गिनती करायला सांगितली. पळायच्या आधी प्रत्येकीनं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा, मग दौडीचा हुकूम. एक, दोन, तीन करत आकडा शेवटाला उभ्या शिवगंगेपर्यंत आला. ती एकवीस म्हणाली.

हुकूम आला न्हाय. उस्ताद घड्याळाकडं बघत तसेच उभे. पोरी खोळंबल्या. एक दूधवाला गाडी बंद करून बघत थांबला. तरी हुकूम न्हाय.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा पाय त्यांच्या मैदानावर नव्हता. त्यांचा शब्दबी मोडला नव्हता आणि माझाबी. मी रस्ता ओलांडला, शिवगंगेच्या शेजारी उभा राहिलो आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडलो.

“बावीस!”

“दौड,” उस्ताद म्हणाले.

सात चौतीस. अजून चार सेकंद मारायचे होते आणि हातात तेरा दिवस. माफी मी मागितली न्हाय, आणि उस्तादांनी ती मागायला लावली न्हाय.