चुकीची नळी

जवळपास छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर टीव्हीचा उपग्रह एका जागी स्थिर असतो, असं शाळेत शिकवतात. तो सारखा सरकत असतो. घरोघरच्या छत्र्या मात्र एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या, म्हणून दर पंधरवड्याला त्याच्याच अंगावरची इंधनाची एखादी नळी पेटवून त्याला ढकलून जागेवर आणावं लागतं.

त्यासाठी नियंत्रण कक्षात दोन माणसं आणि एक नियम. एकानं हुकूम वाचायचा, दुसऱ्यानं कागदाशी ताडून मोठ्यानं म्हणायचा, मगच बटण. गेली अकरा वर्षं ताई वाचत आणि मास्तर 'हं' म्हणत. संसारात होतं तसंच.

त्या दुपारीही 'हं' झालं. ताईंनी गेल्या खेपेचा हुकूम उघडून फक्त तारीख बदलली होती; या खेपेला नळी दुसरी हवी होती, आकडा जुनाच राहिला. इंधनाची भलतीच नळी पेटली आणि उपग्रह कलायला लागला.

"मास्तर, एक अंश!"

"बघतोय. दोन झाले की त्याला आपलं ऐकूच येणार नाही."

"वेळ?"

"तीन मिनिटं. मग तो गेला, आणि त्याच्यामागोमाग आपण."

भिंतीवरच्या टीव्हीत मालिकेतली सासू बोलता बोलता चौकोनांत फुटली. लगेच साहेबांचा फोन वाजला. कुणी उचलला नाही.

ताईंनी घाईघाईनं नवा हुकूम टाइप केला. "पाठवतेय."

"थांबा. आधी वाचा."

"अकरा वर्षं झोपा काढल्यात, आत्ताच जाग यायची होती?"

"हो, आत्ताच. वाचा म्हणतो ना!"

दीड अंश.

"नळी तीन," ताई दात-ओठ खात म्हणाल्या.

"नळी तीन."

"अठरा सेकंद."

"अठरा से–" मास्तरांचं बोट कागदावर अडलं. "ताई, मघाशी पेटली ती कुठली?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "तीनच."

"मग पुन्हा तीन? पार उलटा करायचाय का त्याला? समोरची चार!"

तीन खोडून चार. दोघांनी पुन्हा सगळं म्हटलं, शब्द न् शब्द. बटण.

एक पूर्णांक आठ. एक पूर्णांक नऊ. नऊ. नऊच.

मग आठ.

सासूचे चौकोन जुळून आले. तिचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. ताईंनी हात पुढे केला, पण आधी नोंदवही ओढली आणि लिहिलं : पहिला हुकूम चुकीचा, न तपासता पाठवला.

"माझंही नाव घाला," मास्तर म्हणाले.

"घातलंय. तुमचंच आधी."