दहा मिनिटे मागे

मी एक जुने, किल्लीचे घड्याळ आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात, दुधाच्या शेगडीसमोरच्या भिंतीवर माझा मुक्काम. वाफेने माझी काच पिवळट झाली, पण कित्येक वर्षे मी एका मिनिटानेही चुकले नव्हते. शिक्षक माझ्याकडे पाहून आपली घड्याळे लावत. मोठ्या बाई म्हणायच्या, "शाळेत शहाणं असं हे एकच!"

मग सरकारी न्याहारी सुरू झाली. गरम दूध, पाव आणि उकडलेले अंडे. नियम असा, की आठ वाजता वाढप बंद. पण मित्रांनो, लांबच्या वस्तीची बस यायची आठ वाजून पाच मिनिटांनी! त्यातली नऊ मुले रोज उपाशीच वर्गात जात. एकदा त्यांच्यातली पहिलीतली चिमणी पाढे म्हणता म्हणता बाकावर कलंडली.

त्याच दुपारी स्वयंपाकीण मावशी स्टुलावर चढल्या आणि त्यांनी माझे काटे दहा मिनिटे मागे घेतले.

"रागावू नकोस हं," त्या मला म्हणाल्या.

नऊही जणांना न्याहारी मिळू लागली. मला मात्र लाज वाटे. शिक्षकांनी माझ्याकडे पाहणे सोडले. मोठी मुले हसत, "मावशी, तुमचं घड्याळ झोपा काढतंय!"

"म्हातारं झालंय बिचारं," मावशी म्हणत.

मी खोटे बोलत होते, आणि समोर चिमणीच्या ओठांवर दुधाची मिशी दिसत होती. काय करावे, मला समजेना.

एके सकाळी तपासणीचे साहेब आले. त्यांनी मनगटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मावशी, हे मागे पडलंय."

माझ्या म्हातारपणावर ढकलून मावशींना सुटता आले असते. त्यांनी हात पुसले. "पडलं नाही साहेब, मी पाडलंय. मला कामावरून काढायचं तर काढा. पण ती बघा, बस आत्ता येतेय."

साहेबांनी दारातून बसकडे पाहिले. मुले धावत आली, खायला बसली. चिमणीने साहेबांकडे निरखून पाहिले.

"काका, तुमची पण बस उशिरा आली? घ्या, माझ्यातला अर्धा पाव घ्या."

साहेबांनी तो अर्धा पाव खरोखरच खाल्ला. महिन्याभराने कागद आला, की वाढप आता सव्वाआठपर्यंत. मावशी पुन्हा स्टुलावर चढल्या आणि त्यांनी माझे काटे पुढे केले. तेव्हा मला किती हलके वाटले, काय सांगू!

मित्रांनो, माझी काच पुसत जा, मला किल्ली देत जा. आणि कुणी उशिरा आले, तर माझ्याकडे बोट दाखवण्याआधी एवढे विचारा, "काही खाल्लंस का?"